बाल्बिनाची खुंटी

माझी भावजय बाल्बिना माझ्या खांद्याला लागते, पण हट्टाला पेटली की गावातला एकही गडी तिच्यापुढे टिकत नाही. आमच्या पुलिंगी गावात चिंबोराझोबाबा, आमचा बर्फाचा डोंगर, प्रत्येकाच्या अंगणातून दिसतो. बाल्बिनाने तो जन्मभर वरच्या निवाऱ्याच्या खिडकीतून पाहिला. चढायला आलेल्या गिऱ्हाइकांसाठी बटाट्याचं सूप ढवळायचं, त्यांची ओझी पाठीवरून वर न्यायची आणि बर्फावर निघायची वेळ झाली की बाजूला सरायचं. दोर बांधून पुढे चालायचं काम पुरुषांचं. माझा भाऊही त्यांतलाच.

त्याचा गुडघा गेला आणि दोर कोपऱ्यात पडला. एके दिवशी जेवताना बाल्बिना म्हणाली, आता हा दोर मी चालवणार. भाऊ मान खाली घालून जेवत राहिला. मला वाटलं, चिडला. पण दुसऱ्याच दिवशी तो काठी टेकत तिच्याबरोबर वर गेला आणि बर्फाखाली दडलेली भेग कशी ओळखायची ते शिकवू लागला. पुढची दोन वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही.

आमच्या वाटाड्यांची एक खोली आहे. तिच्या भिंतीवर वर, छताजवळ, खुंट्यांची ओळ आहे. गिऱ्हाइकाला खऱ्या शिखरावर नेऊन धडधाकट खाली आणलं की त्या वाटाड्याची खुंटी ठोकतात, तिथे त्याचा दोर वाळतो आणि मग त्याला पाळीने गिऱ्हाइकं मिळतात. खुंटी नाही तर पाळी नाही. बाल्बिनाला ती खुंटी हवी होती.

म्हाताऱ्यांनी डोक्याला हात लावला. बाई बर्फावर गेली की बाबा तिच्या पदरात पांढऱ्या केसांचं पोर घालतो, असं त्यांनी तिला बजावलं. बाल्बिना म्हणाली, "पाच वाढवलीत मी. सहावं झालंच तर लंगोट धुवायला बाबाला खाली बोलावीन."

वाटाड्यांचा मुखिया आसेन्सियो. माणूस वाईट नाही, पण घुम्या. त्याने तिला एक गिऱ्हाईक दिलं ते दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून. ग्वारांदाचे बेकरीवाले एरिबेर्तो, पोट हे एवढं, बोलणं त्याहून मोठं.

बर्फ सुरू होतो तिथे गिऱ्हाइकाला भाजलेल्या सातूचं कोरडं पीठ मूठभर खायला द्यायचं, ही आमची जुनी रीत. दम असला तर माणूस ते घोळवून गिळतो. दम तुटत असला तर ठसका लागतो, आणि ठसका लागला की परत फिरायचं. हल्ली पुरुष हे गमतीखातर करतात, लगेच वर गरम पाणी पाजतात. बाल्बिना पाणी देत नाही. शिवाय ती पहिल्या, जरा ठेंगण्या शिखरावर पुन्हा एक मूठ देते. तिथून खरं शिखर बर्फाच्या सपाट मैदानापलीकडे समोर दिसतं आणि तिथेच माणसाची अक्कल गहाण पडते.

त्या पहाटे एरिबेर्तोंनी खालची मूठ गिळली. वरची घेतली आणि ठसका लागला. डोळे पांढरे झाले, ओठ निळे. जरा सावरल्यावर ते गयावया करू लागले, मग शिव्या देऊ लागले. समोर शिखर होतं आणि शिखराबरोबर तिची खुंटी. बाल्बिनाने दोर आखडता घेतला आणि त्यांना खाली वळवलं.

खोलीत आसेन्सियो एवढंच म्हणाला, "शिखर नाही, खुंटी नाही." बाकीचे हसले. ताटापर्यंत जाऊन उपाशी उठलेली बाई, असं तिचं नाव पडलं. तिने ओला दोर घरी आणला आणि चुलीवरच्या तारेवर कांद्यांशेजारी टाकला. निवाऱ्यातली चूल आता माझ्याकडे होती; त्या दिवशी मला इतका राग आला होता की मी त्या सगळ्यांचं सूप अळणी ठेवलं.

पुढच्या हंगामात एरिबेर्तो पुन्हा उगवले. पोट निम्मं झालेलं. वर्षभर तोंडात कोरडं पीठ धरून ग्वारांदाच्या चढांवर मैद्याची पोती वाहिली, असं सांगत होते. आसेन्सियो स्वतः त्यांना न्यायला पुढे झाला. ते म्हणाले, "जिने मला परत फिरवलं, तिच्याच दोराला बांधा. तुम्ही मला खूश करायला बघाल."

पहिल्या शिखरावर बाल्बिनाने मूठ पुढे केली. एरिबेर्तो सावकाश चावत राहिले. गिळलं, आणि ओठांवरचं पीठ पुसून लांबलचक शीळ घातली. मग आणखी एक मूठ मागितली. ती म्हणाली, लाड पुरे, पाय उचला. मैदानातल्या भुसभुशीत बर्फात दोघं गुडघ्यापर्यंत रुतत गेली, आणि ऊन तापायच्या आत ती खऱ्या शिखरावर उभी होती. माझी भावजय! हे लिहितानाही माझा ऊर भरून येतो.

वर काय केलंस, असं मी तिला विचारलं. तिने चिमूटभर सातूचं पीठ बर्फावर ठेवलं होतं. "बाबाला म्हटलं, इतकी वर्षं तुझ्या पाहुण्यांना रांधून घातलं. आज मी पाहुणी."

संध्याकाळी खोलीत सगळा गाव लोटला. भाऊ दारातल्या बाकावर बसला होता आणि उघड उघड रडत होता. आसेन्सियोने हातोडी घेतली, बाल्बिनाकडे एकदा पाहिलं आणि खुंटी ओळीच्या बरीच खाली, तिच्या हाताला येईल अशी, भिंतीला टेकवली. त्याच्या मनात चांगलंच होतं, हे मी शपथेवर सांगेन.

बाल्बिनाने भावाला उठवलं, त्याचा बाक ओढत भिंतीपाशी आणला आणि दोर खांद्यावर टाकून त्यावर चढली.

"ओळीतच ठोक, आसेन्सियो," ती म्हणाली. "चढायचं माझं मी बघते."