दोष काठीचा

ठिणगीमामांच्या गळाला मासा लागेनासा झाला, तेव्हा त्यांनी आधी तळ्याला दोष दिला, मग हवेला, मग काठावर बसून मोठमोठ्यानं गप्पा हाणणाऱ्या मंडळींना. सगळे आरोपी संपल्यावर पाळी काठीची आली. काठी बिचारी उलट बोलत नाही, म्हणून तिच्यावरचा आळ टिकला.

मामा पंपांचे ओतीव भाग करणाऱ्या फाउंड्रीत घासाईला होते. साच्यातून निघालेल्या लोखंडाच्या कडांना नको तिथं धारदार पापुद्रे सुटलेले असतात, ते हातातल्या ग्राइंडरनं घासून काढायचे. उभा जन्म त्यांनी तेवढंच केलं. सतत ठिणग्यांत उभा म्हणून नाव पडलं ठिणगी, आणि केस पिकल्यावर त्याला मामा चिकटलं. ग्राइंडर हातात इतका थरथरायचा की सुट्टी होऊन घरी आलं तरी हात आपला कामावरच असायचा. थंडीच्या सकाळी बोटं टोकाकडून पांढरी पडायची, मेणबत्तीसारखी.

त्याला फाउंड्रीत एक शब्द होता. ‘साहेब आले’ म्हणायचे. बोटं गोरी झाली, वर कामही करेनात, म्हणजे साहेबच की! मग साहेबांना काखेत घालून ऊब द्यायची, जरा गुलाबी झाले की परत यंत्र उचलायचं. नव्या पोराच्या बोटांत साहेब पहिल्यांदा आले की त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. तो आता पक्का कामगार झाला. डॉक्टरकडे जायचं कुणाच्या डोक्यात यायचं नाही. बढती मिळाल्यावर डॉक्टरकडे कोण जातं? मूर्खपणाला एकदा चांगलंसं नाव मिळालं की तो पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदतो.

मामाही या विनोदाला पोट धरून हसलेले. मुलगा शिक्षणात रमेना, तेव्हा त्यांनीच सुपरवायझरकडे शब्द टाकून त्याला आपल्या शेजारच्या बाकापाशी उभं केलं. त्या दिवशी मामी एकदाच बोलल्या होत्या.

“त्याचे हात तुमच्यासारखे झाले, तर मी तुम्हाला विचारीन.”

“का? माझ्या हातांना काय धाड भरलीय?” मामा म्हणाले होते.

आता त्या तळ्यातल्या बास नावाच्या माशाची खोड अशी, की तो रबराचा किडा तोंडात घेतो, खोटा आहे हे कळलं की लगेच थुंकून टाकतो. तेवढ्यात दोऱ्यातून आणि काठीतून एक बारीकसा ‘टक्‌’ हाताशी येतो. तो कळला आणि झटका दिला, तर मासा तुमचा. मामांना एके काळी तो टक्‌ गप्पा मारता मारतासुद्धा कळायचा. आता ते दोरा गुंडाळून वर घ्यायचे आणि किड्याची शेपटी गायब असायची. मासा येऊन, चावून, निघूनही गेलेला. यजमानांना पत्ता नाही.

दोष काठीचा असेल, तर नवी काठी आणली की मिटलं. दोष हाताचा असेल, तर हाताला धाड भरलीच होती, आणि तसल्याच यंत्रावर आता मुलगा उभा होता, यांच्याच शब्दावर. मामांनी हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात हेच होतं, आणि म्हणून दोष काठीचाच असायला हवा होता.

“नाचता येईना अंगण वाकडं,” मामी म्हणाल्या. “घ्या एकदाची नवी. पण ऐपतीतली घ्या, नाहीतर मासा पडेल वाघाच्या भावात.”

“मी येतो बाबा बरोबर,” मुलगा म्हणाला. “निम्मी माझ्याकडून.”

सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघं निघाले. बाहेर चांगलं ऊन होतं. दुकान म्हणजे सायकलवाल्याच्या आणि शिंप्याच्या मधे अंग चोरून बसलेला एक बोळ. दारापाशी पत्र्याच्या पिंपात काठ्या उभ्या, भिंतीवर रबराचे बेडूक आणि किडे टांगलेले. गल्ल्यावर एक काकू. चष्मा गळ्यात अडकवलेला, तोही मासेमारीच्याच दोऱ्यानं.

“बाससाठी स्पिनिंग रॉड हवाय,” मामा म्हणाले. “खिशाला झेपेल असा. जुना अगदीच बहिरा झालाय.”

“जुना कसला? फायबरग्लासचा? मग तो बहिराच असतो,” काकू म्हणाल्या. मामांना ही बाई एकदम आवडली. “तुम्हाला कार्बनचा दाखवते. स्वस्तातही मिळतो. उगाच मुठीच्या लाकडाला आणि रंगाला भुलायचं नाही, पैसे तिथंच जातात. साडेसहा-सात फूट लांब, मधल्या ताकदीचा, आणि वाकला तर टोकाशी वाकणारा. पार कमरेतून वाकतो तो नको, त्याच्यात टक्‌ मुरून जातो.”

काकूंनी कापसाचा बोळा घेतला आणि एका काठीच्या, दोरा ओवायच्या कड्यांतून फिरवला. एका कडीत कापसाची तार अडकली. “ही बाद. दोरा कापेल.” दुसरी काढली. कापूस सुळकन गेला. “ही बरी. आता डोळे मिटा.”

“आँ?”

“माझ्याकडे काठी अशीच मिळते. मूठ धरा, डोळे मिटा. मी पलीकडे टोकाला नख घासते. कळलं की ‘आला’ म्हणायचं.”

मामांनी डोळे मिटले. वर पंखा खडखडत होता, शेजारी सायकलवाला हातोडी मारत होता. मामा वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, तर काकू त्यांच्याकडेच बघत होत्या.

“ही नको,” मामा म्हणाले. “हीसुद्धा बहिरीच आहे.”

काकूंनी जरा वरची काढली. पुन्हा तेच. मग आणखी वरची, जिची किंमत ऐकून मुलानं शीळ घातली. मूठ गार होती की ऊन, तेही मामांना धड सांगता आलं नसतं. भीती वाटली त्यांना, साधी, लहान पोराला अंधाराची वाटते तशी. आणि माणूस घाबरला की लबाडी करतो. मामांनी पापण्या किंचित किलकिल्या केल्या. लांबवर काकूंचं बोट हललं.

“आला!” मामा म्हणाले.

बोट थांबलं, पुन्हा हललं. “आला! हं, आत्ता आला. वा, ही खरी काठी!” मग त्यांनी मघाशी बहिरी ठरवलेली स्वस्तातली परत मागितली आणि तिच्यावरही तसाच ‘आला’ म्हणून दाखवला. “मघाशी माझंच लक्ष नव्हतं. हीच द्या. उगाच महागातली कशाला?”

काकूंनी तीच बाजूला काढून ठेवली. गिऱ्हाईकाची लबाडी ओळखूनही गप्प बसायचं, हा दुकानदारीचा पहिला धडा असतो.

“थांबा बाबा, मला बघू दे,” मुलगा म्हणाला. “निम्मी माझी आहे. तुमच्या ऐन म्हातारपणी माझ्याकडेच यायचीय ती.”

“तू कशाला? मी बघितली ना!”

“असं काय करता? द्या इकडे.”

त्यानं मूठ हातात घेतली आणि डोळे घट्ट मिटले. लबाडी त्याच्या गावीही नव्हती. तोंडावर हसू, ‘आला’ म्हणायला ओठ तयार. काकूंनी टोकाला नख लावलं. मामा बघत होते. नख घासलं जात होतं. मुलगा उभा होता. काकूंनी नख जोरात ओढलं, परत ओढलं. मामांना वाटलं, म्हण रे, एकदा म्हण, चुकून तरी म्हण. देवाकडे कधी काही न मागणारा माणूस, त्यानं त्या बोळात उभं राहून एवढंच मागितलं.

“काकू,” डोळे मिटूनच मुलगा म्हणाला, “करा ना सुरू.”

काकूंनी काठी खाली केली. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला होता. “कुठं कामाला आहात दोघं?” त्यांनी हळूच विचारलं.

“फाउंड्रीत. घासाईला,” मुलानं ऐटीत सांगितलं. डोळे उघडून तो बापाकडे वळला. “काय हो बाबा, तुम्हाला कळलं आणि मला कसं नाही? तुमचे हात अजून माझ्यापेक्षा चांगले म्हणायचे!”

बापानं मान डोलावली. तिथंच खरं सांगून टाकायला हवं होतं. त्यांना नाही जमलं. काकूंनी काठी कागदात गुंडाळून दिली, किंमत आपणहून कमी केली, आणि मामांना ती सवलत चपराकीसारखी लागली.

घरी आल्यावर मुलगा नव्या काठीला जुनं रीळ बसवायला मागच्या अंगणात गेला. त्याची बडबड आतपर्यंत ऐकू येत होती. मामी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मामा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, खुर्ची रिकामी असताना.

“काठीचा दोष नव्हता,” ते म्हणाले. “माझ्या हातात जीव नाही. कधीपासून नाही ते मलाही माहीत नाही.” मग त्यांनी बाकीचंही सांगितलं, दुकानातलं सगळं, स्वतःची लबाडीसुद्धा. “त्याला काही म्हणजे काही कळलं नाही गं. मीच उभं केलं त्याला तिथं. विचार आता, काय विचारायचं ते.”

मामींनी काही विचारलं नाही. हातात मुलाचा शर्ट होता. त्या त्याच्या बटणांकडे बघत राहिल्या.

“मागच्या हिवाळ्यापासून तो रोज सकाळी बटणं माझ्याकडून लावून घेतो,” त्या म्हणाल्या. “म्हणतो, आई, तूच लाव. मला वाटायचं, एवढा घोडा झाला तरी लाड करून घेतोय. मला आपलं बरं वाटायचं.”