डाव्या ट्रेवरची वायर

गोदाताई गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. तिच्या मुलीचा, रूपालीचा मेसेज होता, "मावशी, आई गेली." मी तो दोनदा वाचला आणि फोन पर्समध्ये ठेवला. बस चाकण चौकात अडकली होती, शेजारची बाई डुलक्या घेत होती. गोदाताई काविळीने दवाखान्यात होती, बरी होईल असं सगळे म्हणत होते… त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही दोघी सात वर्षं एकाच लाइनवर होतो. गाडीच्या दारातल्या वायरींचे जुडगे बांधायचे, टोकांना प्लास्टिकच्या क्लिप लावायच्या, हे आमचं काम. ती लातूरकडची, शाळेत कधीच गेली नव्हती. माझी चौथी झालेली, म्हणून नोटीस वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. मला चारचौघांत बोलता येत नाही, आणि तिला गप्प बसता येत नसे. नवा सुपरवायझर पहिल्याच दिवशी आवाज चढवून बोलला, तेव्हा ती म्हणाली होती, "सायेब, कान हायेत आमाला, भोंगा नगं." लाइन हसली, तोही हसला.

पुढे आमच्या लाइनच्या शेवटी कॅमेरा बसवला. डाव्या दाराची क्लिप आणि उजव्या दाराची क्लिप दिसायला सारखीच, दोन्ही काळ्या, एकीला बारीकशी खाच. घाईत अदलाबदल व्हायची. कॅमेऱ्याला ती दिसली की लाल दिवा लागायचा, लाइन थांबायची आणि अख्खा जुडगा उसवावा लागायचा. हिंजवडीहून दोन इंजिनिअर आले, दिवसभर लॅपटॉप घेऊन बसले. त्यानंतर कॅमेरा जास्तच चुका पकडायला लागला. सगळे खूश झाले. गोदाताई मात्र उसवता उसवता म्हणाली, "ह्यो चूक झाल्यावर वरडतोय. व्हायच्या आदी सांगनारं पायजे की."

दुसऱ्या दिवशी तिने भंगारातला वायरीचा तुकडा घेतला आणि डाव्या क्लिपांच्या ट्रेवर आडवा ताणून बांधला. हात आत घातला की मनगटाला वायर लागायची. उजवा ट्रे मोकळा. बघायची गरजच नाही, हाताला आपोआप कळायचं. आठवड्यात आमच्या टेबलाचा लाल दिवा लागायचा बंद झाला. मला ते इतकं साधं वाटलं की त्याला काही नाव असतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. सुपरवायझर म्हणाला, "अहो, हे इनोव्हेशन आहे, सजेशनमध्ये टाका." सजेशन टाकायचं ते मोबाइलच्या ॲपवर, स्वतःच्या नंबरने. गोदाताईचा फोन बटणाचा. ती म्हणाली, "तुज्यावरनं टाक की." मी जेवणाच्या सुट्टीत एकेक अक्षर शोधून टाकलं. तिचं नाव कुठे लिहायचं ते मी शोधलं, पण तशी जागा नव्हती. फोन माझा, म्हणून नाव माझं आलं.

महिन्याभराने बोर्डावर माझा फोटो लागला. मला सर्टिफिकेट दिलं, टाळ्या वाजल्या. मी तोंड उघडून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मान खाली घालून जागेवर आले. गोदाताई फोटोसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ब्येस आलाय गं. टिकली तेवढी वाकडी हाय." मी म्हटलं, "ताई, मी मॅनेजर सरांना सांगते." ती म्हणाली, "सांग की, कुनी अडवलंय?" आणि कामाला लागली. पुन्हा तिने विषय काढला नाही. मीही काढला नाही. यावर दोन वर्षं गेली.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी सरांनी मला बोलावलं. ती वायर आता सगळ्या लाइनवर लागली होती आणि कंपनी ती कल्पना स्पर्धेला पाठवणार होती. "ही आयडिया तुम्हाला कशी सुचली, एवढंच पाच मिनिटं सांगा. आधी आमच्यासमोर बोलून दाखवा." मी हो म्हणाले. मला नाही म्हणता येत नाही.

रविवारी मी खराबवाडीला रूपालीकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ती चहा ठेवत होती. मांडणीवर स्टीलचे दोन सारखे डबे होते, एकाला रबर गुंडाळलेलं. मी विचारलं, तर म्हणाली, "ते मिठाचं. साखरेला नाही. आईने मी लहान असताना केलंय, लाइट जायची ना सारखी."

मी ते डबे मागून घेतले.

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये चौघं बसले होते. मी दोन्ही डबे टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "सर, एकाला रबर आहे, ते मीठ. आता डोळे मिटा आणि मीठ द्या." त्यांनी डोळे मिटले, हात फिरवला आणि बरोबर मिठाचा डबा उचलला. मी म्हटलं, "हे गोदाताईचं आहे. वायर पण तिचीच. माझा फक्त फोन होता."

सर म्हणाले, "पण त्यांचा कंपनीतला नंबर आता बंद झालाय. सिस्टीममध्ये नाव बदलता येणार नाही."

"मग पेनाने लिहा," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने मी कंपनीत कधी बोलले नव्हते.

त्यांनी स्पर्धेच्या अर्जावरचं माझं नाव खोडलं आणि वर तिचं लिहिलं. पुढे ते टिकेल की नाही मला माहीत नाही. मग त्यांनी विचारलं, डबे स्पर्धेत दाखवायला ठेवून घेऊ का? मी नाही म्हटलं. संध्याकाळी रूपालीला स्वयंपाक करायचा होता.