आत्याचा एक सेकंद

माझी आत्या लोकांना गाडी चालवायला शिकवते, आणि विद्यार्थ्यांमध्ये तिचं नाव ब्रेकबाई आहे. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतात. त्या ब्रेकवर तिचा उजवा पाय वर्षानुवर्षं असा मुक्काम ठोकून आहे, की घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघतानाही पडद्यावरच्या गाडीला कोणी आडवं आलं तर ती फरशी दाबते. सोफ्यापुढची एक फरशी त्यापायी हलायला लागली आहे. आतोबा शिंपी आहेत, शांत माणूस. ते म्हणतात, फरशी गेली तरी चालेल, टीव्हीतला माणूस वाचला पाहिजे.

यंदा शिकवणाऱ्यांनाच लेखी परीक्षा देण्याचा नियम निघाला. संधी दोनच. आत्या पहिल्या खेपेला नापास झाली. दुसऱ्यांदा नापास झाली तर ड्रायव्हिंग स्कूलचा मालक तिला काउंटरवर बसवणार होता. या मालकाला गाडी आत्यानेच शिकवलेली, आणि त्याला रिव्हर्स अजून नीट येत नाही. काउंटरवर बसण्यापेक्षा मी बोनेटवर बसेन, असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं. पण घरी आल्यावर ती गप्प गप्प असायची, आणि आत्याचं गप्प असणं आमच्याकडे आजारपणात मोजतात.

नियम, खुणा, दंड तिला तोंडपाठ. घोडं अडलं होतं ते एका गणितापाशी. म्हणून मला बोलावणं आलं. मी साहित्य शिकते. फिजिक्सचं आणि माझं दहावीनंतर फाटलं, तेव्हा दोन्ही बाजूंनी कोणी रडलं नव्हतं. पण घरात शिकलेली म्हणजे मीच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हा विचार कोणी केला नाही.

गणित असं होतं. गाडी सेकंदाला वीस मीटर वेगाने चालली आहे. समोर अडथळा दिसतो. चालकाला ब्रेक लावायला एक सेकंद लागतो. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला पाचाने कमी होतो. अडथळा दिसल्यापासून गाडी किती अंतरावर थांबेल?

आत्याने पेन्सिल घेतली. वीसचा शून्य व्हायला चार सेकंद. वेग सारखा उतरत गेला, म्हणजे सरासरी दहा. दहा गुणिले चार, चाळीस मीटर. मला घाम फुटेल असं काहीच झालं नाही. मी म्हटलं, बरोबर, पण त्याआधीचा एक सेकंद राहिला. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने वीस मीटर जाते. उत्तर साठ.

"त्या सेकंदात चालक काय करत असतो?" आत्याने विचारलं.

"काही नाही. त्याला दिसतं, कळतं, मग पाय हलतो."

"मग त्याला लायसन्स दिलं कोणी?"

इथेच सगळं अडलं. तिला बेरीज येत होती, तो सेकंद मान्य नव्हता. मी एक युक्ती केली. पट्टी तिच्या बोटांच्या चिमटीत सोडायची. किती घसरल्यावर पकडली त्यावरून उशीर कळतो. मी पट्टी सोडली. ती घसरलीच नाही. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. आत्या पट्टीकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. चुकणाऱ्या माणसाचा पाय नंतर चुकतो, चेहरा आधी चुकतो, हे तिचं शास्त्र. पट्टी आतोबांच्या हातात दिली. त्यांनी ती सोडायला इतका वेळ लावला, की आत्या म्हणाली, "अहो, सोडताय की शिवताय?"

शेवटी मीच म्हटलं, मैदानावर चल, गाडीत बघू. तू चालव, मी थांब म्हटल्यावर थांब. माझी चप्पल जिथे ठेवली असेल तिथे मी थांब म्हणणार. ती चपलेवरच थांबून दाखवणार होती.

सकाळी मैदान रिकामं होतं. पलीकडच्या टोकाला रिव्हर्स शिकवायचे रबरी कोन उभे होते. आत्या चालकाच्या जागी बसली आणि सीट पुढेमागे करत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या गाडीत तिला त्या जागी मी कधी पाहिलंच नव्हतं. कामावर ती स्कूटरने जाते, आणि गाडी कायम दुसऱ्याच कोणाच्या हातात असते. मी शेजारी बसले, पाय तिच्या ब्रेकवर ठेवला. आतोबा बाहेर उभे राहिले, साक्षीदार म्हणून.

गाडी निघाली. चप्पल आली. मी थांब म्हणाले.

आत्याने उजवा पाय सर्वशक्तीनिशी खाली दाबला. तिच्या नेहमीच्या, शेजारच्या सीटपुढे उजवीकडचं शेवटचं पेडल ब्रेकचं असतं. चालकापुढे मात्र तिथे ॲक्सिलरेटर असतो. गाडीने उडी घेतली. मी म्हणाले, "अगं." मग पुन्हा म्हणाले, "अगं." मग मला माझा पाय आठवला. आम्ही थांबलो तेव्हा दोन कोन आडवे झाले होते आणि तिसरा बंपरखाली होता.

आतोबा चालत आले, त्यांनी वाकून खाली पाहिलं आणि कोन फाटला नसल्याचं सांगितलं.

आत्या समोर बघत होती. "तुझा पाय ब्रेकवर होता ना?" तिने विचारलं.

"होता."

"मग इतका वेळ काय करत होतीस?"

"काही नाही गं. काय चाललंय तेच कळत नव्हतं."

मला वाटलं आता तोंडसुख घेणार. पण ती उतरली. मातीत एका ठिकाणापासून चाकं घासल्याची खूण दिसत होती. तिथून मागे चपलेपर्यंतची माती तशीच होती, जणू गाडी तिथून गेलीच नव्हती. त्या पट्ट्यावरून आत्या सावकाश चालत गेली आणि परत आली.

"मलाही कळलं नाही," ती म्हणाली. "पाय आपला आपण गेला." हात तिने ओढणीत गुंडाळले. "कोणी पोर असतं तिथे तर."

त्या दिवशी तिने गणिताला हात लावला नाही. पुढच्या दिवसांत मात्र विद्यार्थी यायच्या आधी ती गाडी घेऊन मैदानावर जायची आणि चालकाच्या जागी बसून एकटीच थांबायचा सराव करायची. मालकाने पेट्रोलबद्दल कुरकुर केली, तेव्हा तिने त्याला रिव्हर्स घेऊन दाखवायला सांगितलं. तो विषय तिथेच मिटला.

परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले. वर्गाबाहेर सगळे पोटापाण्याला लागलेले मोठे लोक शाळकरी पोरांसारखे पुटपुटत होते. निकाल संध्याकाळी दारावर लागला. आत्या पास होती, काठावर का होईना. तिने यादी वाचली, चष्मा काढला आणि मला पायऱ्यांवर बसवलं.

"ते गणित आलं होतं?" मी विचारलं.

"आलं होतं. पंधराचा वेग होता." तिने रस्त्यावरच्या गाड्यांकडे पाहिलं. "पहिले पंधरा मीटर जाऊ दिलं गं गाडीला. समोर दिसतंय, आणि मी नुसती बसून. जिवावर आलं होतं."