परिशिष्टातल्या बायका

ऑफिसच्या सिंकमध्ये न धुतलेले मग साठतात ना, तसेच ऑफिसातले किस्से. कुणी कधी ठेवला कळत नाही, एक दिवस बघावं तर ढीग! आमच्याकडचे निम्मे मग मेधाताईंचे.

आमचं काम सल्ले द्यायचं, लंडनमध्ये. दोन हजारच्या दशकात आखातातल्या एका देशाला प्रश्न पडला, तेल संपल्यावर काय? आम्ही अहवाल लिहायला घेतला. बंदरं, बँका, पर्यटन. त्यात बायकांच्या राहणीमानाचं एक प्रकरण होतं, ते लंडनच्या पिनर उपनगरात राहणाऱ्या मेधाताईंकडे आलं. मुलं मोठी झाल्यावर पंचेचाळिशीत त्यांनी पहिली नोकरी धरली होती, आणि हे त्यांचं पहिलं स्वतःचं काम. त्यांचा जीव त्यात अडकला होता.

*

आमचा बॉस कॉलिन ते प्रकरण सारखा उचलून परिशिष्टात टाकायचा.

"मेधा, जागा उरली तर पुढे घेऊ."

"हे मी वीस वर्षं ऐकतेय, कॉलिन. आधी गाडीत, मग जेवणाच्या टेबलावर, आणि आता अहवालात!"

*

त्या प्रकरणासाठी बायकांना द्यायची प्रश्नावली तपासायला ताईंनी घरीच हळदीकुंकू केलं. तिळगूळ, प्रश्नावली, आणि वाण म्हणून पेन! बहुतेक सगळ्या डॉक्टरांच्या बायका. 'काम करता का?' या प्रश्नापुढे सगळ्यांनी 'नाही' लिहिलं.

ताईंनी शेजारणीला विचारलं, "आज सकाळपासून काय केलंस गं?"

"काही नाही गं. ह्यांच्या क्लिनिकचे फोन घेतले, तिथल्या ड्यूट्यांचा रोटा लावला, दोन ट्यूशन्स, चाळीस जणांचं केटरिंग. बाकी घरीच!"

त्याच दिवशी प्रश्न बदलला: 'आज सकाळपासून काय केलंत?'

*

"हा प्रश्न शास्त्रीय नाही," कॉलिन म्हणाला.

"बरं, तू सकाळपासून काय केलंस?"

"मीटिंगची तयारी."

"कागद कुणी काढले?"

"तू."

"आकडे?"

कॉलिनने माझ्याकडे बघितलं. मी कॉफी आणायला गेलो!

*

शेवटी त्या देशाचे बडे साहेब लंडनला आले. कुठलं प्रकरण ठेवायचं, हे त्यांच्या हातात. त्यांनी ताईंची पानं भराभर उलटली.

"याची आम्हाला गरज नाही. माझीच बायको बघा, घरी असते, काही करत नाही."

ताईंनी विचारलं,

"आज सकाळपासून त्यांनी काय केलं, विचारता का?"

साहेब हसले. गंमत म्हणून त्यांनी मोबाइल काढला. पहिल्या मिनिटात हसू गेलं. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी खुणेनं पेन मागितलं, ताईंनी पर्समधून वाणातलं उरलेलं पेन पुढे केलं! अहवालाचं मुखपृष्ठ भरलं. त्यांनी अहवाल पालथा घातला आणि मागच्या बाजूला लिहायला लागले.

जेवणाची वेळ झाली. कॉलिन दोनदा खाकरला. साहेबांनी फोनवर हात ठेवला.

"तुम्ही जेवून घ्या. ती अजून सकाळच्या सातपर्यंतच आलीये!"