झाऱ्यातून पडलेले सूर्य

नलूची मान कायम थोडी उजवीकडे कललेली राहे. भाजी तोलतानी बी, कोणासंग भांडतानी बी. भिलाईजवळच्या रिसालीच्या बाजारात सारे तिले तिरपी म्हणत, पण पाठीमागं. तोंडावर म्हणायची हिंमत एकाच पोट्ट्यानं केली होती. त्याच्या पाठीत तिनं दुधी भोपळा हाणला, अन् मंग तोच भोपळा त्याच्या मायले विकला.

मान तिरपी ठेवायचं कारण होतं. नलूनं सरळ पाहिलं का समोरच्या माणसाचं तोंडच गायब. कान दिसत, शर्टाच्या गुंड्या दिसत, अन् तोंडाच्या जागी राखडी धूर. दोन्ही डोळ्यांच्या बरोब्बर मधात तो ठिपका बसलेला होता. नजर जरा बाजूले नेली का तोंड हाती लागे. पुस्तकातलं अक्षर तं तसंबी लागत नव्हतं. ज्या अक्षरावर नजर ठेवली तेच पळून जाय. आठवीत मास्तरनं ढ म्हणून बाकावर उभं केलं, तं नलू बाकावरून उतरली, दप्तर उचललं अन् सरळ घरी आली. परत गेली नाही. मंग भाजीचा ठेला धरला. वांगं किडकं आहे का नाही, हे तिच्या बोटायले समजे. तिथं कोणी तिले ढ म्हणत नव्हतं.

ठिपका कोणत्या दिवशी बसला, हे तिले पक्कं ठाऊक होतं. तिनं कोणाले सांगतलं नव्हतं. बाबाले तं नाहीच नाही.

तिचे बाबा पुंडलिक. भंडाऱ्याकडची शेती भावाच्या हवाली करून भिलाईत आले अन् कारखान्यात पोलादाच्या भट्टीवर लागले. भट्टीचं दार उघडलं का आत उघड्या डोळ्यानं पाहता येत नाही. म्हणून भट्टीवाल्यायजवळ एक निळी काच राहे, लाकडाच्या मुठीची. डोळ्यासमोर धरायची, आत पोलाद कसं उकळून राहिलं ते पाहायचं, अन् काच खिशात. पुंडलिकले त्या काचेचा भारी अभिमान. विश्वकर्मा पूजेले लोक मशिनीले फूल वाहत, हा माणूस घरी येऊन काचेले बी वाहे.

सन ऐंशीच्या फेब्रुवारीत दुपारी सूर्यग्रहण लागलं. क्वार्टरायची अख्खी लाईन दारं लावून घरात. नलूची माय सुशीला, तिनं माठात तुळशीचं पान टाकलं, खिडक्यायवर चादरी टांगल्या, अन् दहा वर्षांच्या नलूले पलंगावर बसवलं.

"बाहेर पाऊल टाकशीन तं पाहजो!"

पुंडलिक हसले. "अवं, सावली आहे ते. चंद्र मधात येते, बस. राहू नाही अन् केतू नाही. चाल नलू, मी दाखवतो तुले."

"लेकराले नेऊ नका म्हणते ना!"

"भट्टी पाहतो मी रोज. सूर्य काय खाते का मले?"

रस्त्यावर कुत्रं नव्हतं. बाप-लेक दोघंच. काच एकच होती, ते त्यायनं नलूले दिली अन् तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं उभे राहिले. निळ्या काचेत निळा सूर्य, कोणी दातानं तोडलेल्या भाकरीसारखा. डोळे दिपत नव्हते, दुखत नव्हते.

"बाबा, अजून पाहू?"

"पाय ना. पोट भरून पाय."

नलूनं पोट भरून पाहिलं. संध्याकाळी जेवाले बसली तं ताटातली भाकर दिसेना. ताटाचा काठ दिसे, भाकर नाही.

ती बोलली नाही. कावून, तं मायनं लगेच म्हटलं असतं, पाहा, ग्रहण पाहिलं, देवानं डोळे घेतले. अन् बाबाले ते जिंदगीभर ऐकावं लागलं असतं. खरं म्हणजे नलूले स्वतःलेबी तसंच वाटे, का हे ग्रहणानंच केलं. पण आपल्या बापाले कोणी बोलन, मंग ते माय का असेना, हे तिले चालणार नव्हतं. तिनं तोंड शिवून घेतलं. डोळे कमजोर आहेत, असं सारे म्हणाले. गाजरं खायले दिली. तिनं खाल्ली.

पंधरा वर्षं गेली. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडून रिसालीत दोन खोल्यांचं घर बांधलं. अन् पंच्याण्णवच्या दिवाळीत बातमी आली का लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सूर्यग्रहण. पेपरात रोज तेच. उत्तरेकडे सूर्य पुरा झाकणार, आपल्या इकडे कोर उरणार.

दिवाळीच्या आधीच्या बाजारात नलूच्या ठेल्यासमोर विज्ञानवाले आले. दुर्गच्या कॉलेजात शिकवणाऱ्या शैलाताई पुढं, हातात चेंडू, टॉर्च अन् एक भिंग. चेंडू टॉर्चसमोर धरून त्यायनं सावली कशी पडते ते दाखवलं. मंग भिंग उन्हात धरलं. खाली ठेवलेल्या पेपरातून धूर निघाला.

"आपल्या डोळ्यात असंच भिंग आहे," शैलाताई म्हणाल्या. "अन् त्याच्या मागे हा पेपर, म्हणजे डोळ्याचा पडदा. सूर्याकडे टक लावून पाहिलं की पडदा भाजतो. ग्रहण असो नसो, सूर्य तोच आहे. एरवी डोळे दिपतात म्हणून आपण पाहत नाही. ग्रहणात उजेड कमी होतो, आपण पाहत बसतो. त्या पडद्याला दुखणं समजत नाही, म्हणून भाजलेलं कळतही नाही. नंतर मधात डाग दिसतो."

नलूच्या हातातलं वजन तसंच राहिलं. गिऱ्हाईक म्हणे, "ओ बाई, टमाटर!"

"थांब बे!" नलू ठेला सोडून पुढं गेली. "ताई, अन् निळी काच लावून पाहिलं तं? भट्टीवाली?"

"तीच भीती आहे आम्हाला. इथं घराघरात ती काच आहे. भट्टीसाठी ती ठीक आहे. भट्टी सोळाशे डिग्रीची असते, सूर्य साडेपाच हजारांच्या वर. निळी काच पिवळा झगझगाट अडवते, म्हणून डोळ्याला बरं वाटतं. पण निळा उजेड आत जातोच, अन् जी उष्णता दिसत नाही तीही जाते. बरं वाटतं म्हणून माणूस जास्त वेळ पाहतो."

"पोट भरून पाहते," नलू म्हणाली.

शैलाताईंनी तिच्या कललेल्या मानेकडं पाहिलं. आवाज खाली केला. "तुम्ही पाहिलं होतं का?"

"वाढन का तो डाग?"

"इतक्या वर्षांत वाढला नाही ना? मग आता वाढणार नाही. काठाची नजर चांगली आहे तुमची. अक्षर मोठं असलं तर काठानं वाचताही येतं, सराव लागतो."

नलू ठेल्यावर परतली. टमाटर तोलले. जास्तच गेले. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरून राहिली होती. देवानं नाही घेतले. ग्रहणानं नाही घेतले. बाबा सावलीचं खरंच बोलले होते. चुकली ते काच.

घरी गेली तं अंगणात गल्लीतले लेकरं गोळा झालेले. बाबा मधात खुर्चीवर, धोतराच्या काठानं निळी काच पुसून राहिले होते. "एकेकानं पाहायचं. ढकलाढकली नाही. ओमप्रकाश काका बी त्यायची काच आणणार आहे. कोणी भ्यायचं नाही, समजलं?"

"हो बाबा!" लेकरं ओरडली.

सांगतलं तं बाप मोडन. नाही सांगतलं तं एवढी सारी लेकरं.

दिवाळीच्या दिवशी दुपारी माय चुलीवर बुंदी पाडून राहिली होती. कढईवर झारा, झाऱ्यावर बेसन, अन् खाली ठिपठिप थेंब. नलू बाबाच्या पुढं जाऊन बसली.

"बाबा, उद्या ते काच देऊ नका लेकरायले."

"कावून?"

"डोळे भाजतात. विज्ञानवाल्या ताईनं सांगतलं."

"त्या ताईनं भट्टी पाहिली का कधी? मी जिंदगी काढली ह्या काचेमागं. माहे डोळे पाय. सुईत दोरा ओवतो अजून."

"तुमी पोलादाकडं झटकन पाहत अन् काच खिशात टाकत. सूर्याले कुठं पाहिलं तुमी?"

"पाहिलं ना! ऐंशी साली, तू अन् मी..." अन् बाबा थांबले. काच एकच होती, हे त्यायले आठवलं असावं.

"मी पाहिलं, बाबा. तुमी नाही."

बुंदीची ठिपठिप बंद झाली.

"त्याच दिवशी संध्याकाळपासून मधातलं दिसत नाही मले. तुमचं तोंड बी सरळ पाहिलं तं दिसत नाही. म्हणून मान अशी."

बाबा काचेकडं पाहत राहिले, मंग नलूकडं. मायनं झारा ठेवून दिला. नलूनं तिच्याकडं बोट केलं. "माय, तू त्यायले एक शब्द बोलायचा नाही. सावलीचं ते खरंच बोलले होते. राहूनं काही नाही केलं. काचेचं कोणालेच ठाऊक नव्हतं."

"मी बोलली का काही?" माय म्हणाली अन् पदर डोळ्याले लावला. "इतके वर्षं गाजरं खाऊ घातले पोरीले."

बाबा उठले, चप्पल घातली अन् बाहेर निघून गेले. दिवे लागले तेव्हा आले. पूजेले बसले. काच कुठं ठेवली, ते नलूले दिसलं नाही.

सकाळी गल्लीत फटाक्यायचा लाल कचरा पसरलेला, अन् त्याच्यावर लेकरं उभी. ओमप्रकाश, बाबाचा भट्टीवरचा जुना दोस्त, काच घेऊन हजर. एका पोट्टीच्या डोळ्यासमोर तो धरणारच, तेवढ्यात बाबा आले अन् त्याचा हात खाली केला.

"दे इकडे."

"अरे पुंडलिक भाई, सूरज से डर गए क्या बुढ़ापे में?"

"हो, डर गया." बाबाचा आवाज गल्लीभर गेला. "अशाच काचेनं माह्या पोरीचे डोळे नेले. मीच धरून दिली होती. कोणाच्याबी घरी असन तं आणून द्या. नंतर भट्टी पाहाले लागली तं परत घेऊन जा."

जे तिनं इतके वर्षं गिळलं होतं, ते बापानं चौकात उभं राहून सांगून टाकलं होतं. ओमप्रकाशनं आपली काच गपचूप बाबाच्या हातात दिली. बाबानं ते हातातल्या थैलीत आपल्या काचेसंग टाकली अन् थैली पायाखाली धरून बसले. मंग अजून दोन घरून काचा आल्या.

"मंग आमी काय पाहाचं?" एक पोट्टा रडकुंडीले आला.

विज्ञानवाल्यायनं वाटलेले ग्रहण पाहायचे चंदेरी चष्मे कधीच संपले होते. पण भोकातून पडलेला उजेड भिंतीवर पाहा, हे नलूनं बाजारात ऐकलं होतं. ती घरात धावली. "माय, बुंदीचा झारा दे!"

"ग्रहणात भांडं बाहेर नाही काढत मी."

"माय!"

"नाही म्हणजे नाही."

नलू हात हालवत बाहेर आली. ऊन पातळ झालं होतं, पिवळं नाही अन् रोजच्या सकाळसारखंबी नाही. चिमण्या गोंधळल्या होत्या. अन् मागून दार वाजलं. माय उंबरठ्यात उभी, डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेला, अन् हात बाहेर काढून झारा धरलेला.

"घे. मी बाहेर नाही आली, घरातच आहे. लेकरायले सूर्याकडं पाठ करून उभं कर."

"तुले कसं समजलं?"

"भिंतीवर पाहाचं तं पाठच करा लागन ना! मले काय अक्कल नाही?"

बाबानं झारा घेतला. समोर चुन्यानं पोतलेली भिंत होती. दोन-तीन पावलं मागं सरून त्यायनं झारा उन्हात धरला, भट्टीसमोर काच धरत तसाच, हात अजिबात न हालवता.

भिंतीवर सूर्य पडले. एक नाही, झाऱ्याले जितके भोकं तितके. अन् प्रत्येक सूर्याची बारीक कोर झालेली, कापलेल्या नखासारखी. लेकरं ओरडली. ओमप्रकाश म्हणे, "अरे बाप रे." उंबरठ्यातला पदर नाकावरून कपाळापर्यंत वर गेला.

बाबानं मान वळवली नाही. "नलू, दिसते का तुले?"

नलूनं भिंतीकडं पाहिलं. मान तिरपी न करता, सरळ. मधातले दोन-चार सूर्य धुरात गेले. त्यायच्या चारी बाजूनं बाकीचे चमकून राहिले होते.

"मधातले नाही दिसत, बाबा. बाकीचे सारे दिसतात."

"हात दुखला तं सांगजा, बाबा," म्हणत ती त्यायच्या बाजूले जाऊन उभी राहिली. त्यायनं झारा तिच्याकडं दिला नाही. पोट्ट्यायनं पोट भरून पाहेपर्यंत तसाच धरून ठेवला.