एसीवर बसलेला फिजीचा पाहुणा

आधीच सांगते, मी गणिताची शिक्षिका आहे. सव्वीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवतेय, त्यातली एकोणीस कुवेतमध्ये. आमच्या दाराला लिंबू-मिरची नाही, कुणाची दृष्ट काढणं नाही, आणि मांजर आडवं गेलं तर मी त्याला आधी जाऊ देते, एवढंच. तुम्हा मंडळींचे या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी चहासोबत वाचायचे आणि खरं सांगू? बऱ्याचदा हसायचेसुद्धा... माफ करा. गेल्या जुलैपासून ते हसणं बंद झालंय.

घाबरू नका, यात भूतबित काही नाही. उलट इतका आनंद मला आयुष्यात फार कमी वेळा झालाय. पण जे घडलं ते कुठल्याच हिशेबात बसत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

माझा नवरा अविनाश शुवैखला गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या गोदामात सुपरवायझर आहे. माणूस सज्जन. व्यसन एकच — पक्षी. शुक्रवार उजाडला की दुर्बीण गळ्यात अडकवून स्वारी जहराकडच्या तळ्यावर. इथे आल्यावर मीही दोनदा गेले होते त्याच्याबरोबर. डास चावले, ऊन लागलं, आणि चार तास "हलू नको, बोलू नको". न हलणं जमलं असतं एक वेळ, न बोलणं मला कसं जमायचं! तेव्हापासून तो त्याच्या वाटेने, मी माझ्या.

अठरा वर्षांपूर्वी दस्मानला एका दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना त्याने कुठल्याशा जुन्या मासिकात एका पक्ष्याचा फोटो पाहिला. ऑरेंज डव्ह. आपल्या हरियालाचं लांबचं भावंड म्हणे. डोकं शेवाळी हिरवं आणि बाकी सगळं अंग पेटल्यासारखं केशरी. पॅसिफिकमध्ये फिजीची जी बेटं आहेत, त्यातल्या चार-पाच बेटांच्या जंगलात ते राहतं, जगात बाकी कुठ्ठेही नाही. दाढ काढून घरी आला तो गाल सुजलेला, बोलता येईना, पण हाताने मला त्या कबुतराचा आकार दाखवत होता. त्या दिवसापासून ह्या माणसाचं एकच — मरायच्या आधी ते बघायचं.

गेल्या वर्षी त्याला एकोणसाठ पूर्ण झाली. उजवा गुडघा बदलायचं सप्टेंबरमध्ये ठरलं होतं. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की डोंगर-जंगल आता विसरायचं. म्हणजे जायचं तर जुलैमध्येच, नाहीतर कधीच नाही. मला शाळेला सुट्टी होती. त्याने तीनदा विचारलं, "येतेस?" आणि मी तीनही वेळा म्हटलं, "दोन दिवसांचा प्रवास करून एक कबुतर बघायला? मला वेड लागलंय का?"

एअरपोर्टवर सोडतानाही माझी जीभ काही थांबली नाही. म्हटलं, "जा, भेटून ये तुझ्या कबुतराला. इथे खिडकीत रोज चाळीस येतात, त्यांचं मी बघते." अविनाश माझ्या भिकार विनोदांनाही हसतो हो. त्या दिवशी हसला नाही. बॅग ओढत आत गेला आणि मी गाडीत बसून आपण काय बोललो त्याचा विचार करत राहिले.

त्याच्याकडे सहा दिवस होते. तावेउनी नावाचं बेट. तिथे दुपारचे चार वाजले की आपल्याकडे सकाळचे सात, म्हणून रोज त्या वेळी फोन. डोंगराच्या माथ्यावर मोबाइलचे टॉवर आहेत, त्यामुळे जंगलात रेंज एकदम फर्स्टक्लास. अर्दियातल्या माझ्या बहिणीच्या घरी येत नाही तेवढी! पहिले दोन दिवस नुसता पाऊस. तिसऱ्या दिवशी मादी दिसली, पण ती सगळी हिरवी, पानांत पान. नर काही दिसेना. आवाज मात्र लांबून येत होता. तो आवाज कबुतरासारखा घुमत नाही. आपण जिभेने टाळूला टिचकी मारतो ना, तसा — टॉक... टॉक... टॉक...

चौथ्या दिवशी गाइड म्हणाला, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावू, नर धावत येईल. बाकीचे लोक तसंच करतात म्हणे. आमचे हरिश्चंद्र तयार नाहीत! "ती फसवणूक आहे गं. बिचारं दुसरा नर आला समजून भांडायला येणार, खाणंपिणं सोडून. दिसायचं तर आपल्या मर्जीने दिसेल." मी म्हटलं, "मग बस घोरपडीसारखा झाडाला चिकटून." पण मनात म्हटलं, हाच तो माणूस, ज्याच्याशी मी लग्न केलं.

आता तो शुक्रवार. त्याचा शेवटचा दिवस.

आमचं घर सालमियात, चौथा मजला. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लोखंडी स्टँडवर एसीचं आउटडोअर युनिट आहे. समोर वीस फुटांवर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. झाड म्हणाल तर खाली हारिसने, म्हणजे बिल्डिंगच्या रखवालदाराने, लावलेली एक मरतुकडी बोर. सात वाजून गेले तरी फोन आला नाही. आला तेव्हा सात सतरा झाले होते.

"दिसलं?" मी विचारलं.

"नाही." मग नाक ओढल्याचा आवाज. "गाइड खाली गेलाय गाडी आणायला. उद्या सकाळचं विमान. मी इथे एका ओंडक्यावर बसलोय, गुडघा आता पुढे जाऊ देत नाही. राहू दे. जंगल पाहिलं, तेही काय कमी आहे?"

त्याचा आवाज मी एकतीस वर्षं ऐकतेय. 'राहू दे' म्हणताना तो रडत होता. आणि माझ्या तोंडून, काही न ठरवता, निघून गेलं, "अवि, मी यायला हवं होतं रे."

आणि तेवढ्यात खिडकीबाहेर — टॉक.

मला वाटलं एसीचं काहीतरी सुटलं. मग पुन्हा. टॉक... टॉक...

"हे काय वाजतंय?" अविनाश एकदम ताठ झाल्यासारखा बोलला. "तू रेकॉर्डिंग लावलंस?"

"मी? मला यूट्यूबवर भाजीची रेसिपी सापडत नाही! कबुतर असणार मेलं, थांब, हाकलते." मी लाटणं उचललं, पडदा सरकवला...

लाटणं हातातच राहिलं.

एसीच्या डब्यावर, माझ्यापासून हातभर अंतरावर, ते बसलं होतं. केशरी. असा केशरी रंग मी कुठे पाहिलेला नाही, साडीतही नाही. माझ्याकडे पाठ होती. मान खाली घालायचं आणि टॉक करायचं.

"अवि," मी म्हटलं, "ते इथे आलंय."

"थट्टा करू नको गं आत्ता. पाया पडतो."

"तुझी शप्पथ!"

"खिडकी उघड," तो कुजबुजला. "फोन बाहेर धर. हळू."

जुलैमध्ये आमच्याकडे सकाळी सातलाही खिडकी उघडली तर भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. मी काच सरकवली आणि आत आला तो गार वारा. ओल्या पानांचा, शेवाळाचा वास. पायांना गारवा लागला. डाव्या हातात फोन धरून मी तो बाहेर काढला, स्पीकर लावला. टॉक... टॉक... आणि फोनमधून अविनाशचा आवाज आला, अगदी लहान मुलासारखा:

"आलं... आलं गं! समोर बसलंय. दहा फुटांवर. अगं, आवाज ऐकून आलं!"

"कसं आहे रे? माझं तर—"

"बोलू नको! एक अक्षर नको! आधी लिही!"

ही त्यांची पक्षीवाल्यांची रीत आहे. दोघांनी एकच पक्षी पाहिला की बोलायच्या आधी ज्याने त्याने आपापलं टिपण करायचं, म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्याला दिसायला लागत नाही. या रीतीची मी जन्मभर टिंगल केली. पण त्या क्षणी हाताशीच असलेल्या फ्रिजवर लावलेली बकाल्याच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, सामानाची यादी ओढली, पालथी केली आणि उजव्या हाताने लिहीत सुटले. फोटो का नाही काढला, हे विचारणारच तुम्ही. फोन हलवला असता तर त्याचं पाखरू गेलं असतं हो! अठरा वर्षं वाट बघितली होती त्याने.

आता जे सांगते ते मी लेकीलाही घाबरतच सांगितलं. लिहिताना मला अविनाशचा श्वास ऐकू येत होता. चढ चढून आल्यावर त्याला धाप लागते, नाकातून बारीक शिट्टी वाजते, तोच. फोन माझ्या डाव्या हातात, खिडकीबाहेर होता. श्वास उजव्या कानाशी होता, अगदी खांद्याजवळ. मी वळून बघितलं नाही. भीती अजिबात वाटली नाही. उलट इतकं बरं वाटत होतं की वळले तर ते संपेल असं वाटलं.

"उडालं!" मी ओरडले.

"उडालं!" तोही ओरडला. एकदमच! सात बावीस.

वारा पडला. भट्टी परत चालू. आम्ही दोघं नुसते हसत होतो, रडत होतो, तो तिकडे ओंडक्यावर आणि मी इकडे ओट्याला टेकून. मग म्हटलं, वाच तुझं.

त्याने वाचलं. "नर. पूर्ण केशरी. डाव्या खांद्यावर मात्र थोडी हिरवी पिसं शिल्लक, म्हणजे वयात येतोय. आधी पाठ, मग डावीकडून वळला. एक काळसर फळ गिळलं. उजवीकडे उडाला."

मी माझा कागद बघत होते. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: सगळं केशरी, डाव्या खांद्यावर हिरवं ठिगळ. पाठ करून होतं, डावीकडून वळलं. काळं काहीतरी गिळलं. गेलं उजवीकडे. आमच्या एसीच्या डब्यावर फळ कुठून येणार सांगा मला! अविनाशने काढलेले तीन फोटो नंतर पाहिले. खांद्यावरचं ठिगळ आहे.

अर्ध्या तासाने शेजारच्या जुबेदाभाभी आल्या. रत्नागिरीकडच्या आहेत, त्यांचे मियाँ शुवैखलाच कामाला. दारातूनच म्हणाल्या, "अगो, सकालच्याला काय ठोकत होतीस? आमचे उठून बसले ना! खिला मारीत होतीस काय भिंतीत?" त्यांना मी मिठीच मारली. बिचाऱ्या घाबरल्या. म्हणजे आवाज होता, माझ्या डोक्यातला नव्हता!

लेक टोरांटोला असते. तिचा निकाल दोन मिनिटांत. "आई, ऑब्व्हियसली इट वॉज समवन्स पेट." मलाही ते पटण्यासारखं होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी पाखरांच्या बाजारात गेले. तिथला एक म्हातारा विक्रेता तीसेक वर्षं पोपट-कबुतरं विकतोय. त्याला अविनाशने पाठवलेला पाखराचा फोटो दाखवला. त्याने मोबाइल उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "माफी, माफी! ये कुवेत में माफी. किसी ने कलर मारा है, मॅडम." 'माफी' म्हणजे इकडे 'नाही'. चला, तो दरवाजाही बंद. आणि पाळलेलं असतं तरी दोन ठिकाणी एका वेळी एकच ठिगळ घेऊन कसं बसेल? सव्वीस वर्षं मी मुलांना शिकवतेय की उत्तर नसेल तर प्रश्न परत वाचा. परत परत वाचला. नाही सुटत.

अविनाश परत आला तेव्हा एअरपोर्टवर लंगडत, दाढी वाढलेली, आणि चेहरा असा की लग्नातही एवढा उजळला नव्हता. गाडीत बसल्यावर मी विचारलं, तिथे तुला काही वेगळं वाटलं का? त्याने सीटबेल्ट ओढून लावला. मग म्हणाला, "हसणार नसशील तर सांगतो. पाखरू समोर होतं तेव्हा मला मोहरी करपल्याचा वास आला. त्या जंगलात! वाटलं, तू मागे उभी आहेस."

वर तुम्हालाही मी सांगितलं नाहीये — त्या सकाळी गॅसवर पोह्यांची फोडणी होती, आणि खिडकीकडे धावताना ती काळी झाली होती. कढई घासून ठेवली आणि कुणाला बोलले नाही. करपलेल्या फोडणीचं कोण सांगत बसतं?

सप्टेंबरमध्ये गुडघा बदलला. छान झाला, डॉक्टरच आता चाला म्हणतात. येत्या जुलैमध्ये अविनाश समोआला जायचं म्हणतोय. तिथे दात असल्यासारखी चोच असलेलं एक कबुतर आहे, तेवढ्याच बेटांवर राहणारं. सहसा कुणाला दिसतही नाही म्हणे. या वेळी त्याने मला विचारलं नाही, बहुतेक धीर झाला नसेल. मीच माझ्या नावाने व्हिसाचे कागद काढले आणि त्याच्यासमोर ठेवले. त्याने त्यावरचं माझं नाव दोनदा मोठ्याने वाचलं.

त्या दिवशी काय झालं याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा, पण पायऱ्या दाखवून, नुसतं उत्तर नको! मला कळतं ते इतकंच, की मी 'यायला हवं होतं' म्हटलं आणि पुढच्याच क्षणी ते पाखरू इतका समुद्र ओलांडून मला न्यायला आलं. दर वेळी असं कोणी न्यायला येणार नाही. म्हणून या वेळी माझी मीच जातेय.