वहिनी, बघू नका!

फोन अण्णाचा होता, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. सकाळची वेळ, मी कसबा बावड्यातल्या घरी चहाचं आधण ठेवत होते. ‘‘गिरिजा गेली गं...’’ एवढंच बोलला. मला काही केल्या खरं वाटेना. आदल्याच दिवशी फोनवर वहिनींशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. टॉवेलच्या ऑर्डरी सांगता सांगता मधेच त्या म्हणाल्या, छातीत जरा दुखतंय. मी ओरडले, ‘‘आधी डॉक्टरकडं जावा!’’ तर म्हणे, ‘‘जातो की वन्सं, एवढी गाडी भरून जाऊ दे.’’ आमच्याकडं बायकाही ‘जातो-येतो’च म्हणतात. गाडी भरून गेली... वहिनी डॉक्टरकडं गेल्याच नाहीत. आता महिना होत आला, पण माझा राग अजून उतरत नाही.

गिरिजावहिनी नव्वदच्या दशकात लग्न होऊन इचलकरंजीशेजारच्या कबनूरला आमच्या घरी आल्या, त्या काळजी बरोबर घेऊनच. माहेर निपाणीकडचं, बोलणं निम्मं कानडी. अण्णाला यायला उशीर झाला की काळजी, आणि लवकर आला तर आज लवकर का, म्हणून काळजी. मी चिडवायची, ‘‘वहिनी, आज कशाची?’’ त्या म्हणायच्या, ‘‘करा चेष्टा. घरात कुणीतरी काळजी करायला पायजे का न्हाय?’’ पुढं पुढं चेष्टा करायची सोय राहिली नाही. आसपासचे यंत्रमाग एकेक करून भंगारात निघाले. ज्या मागांवर लोकांनी घरं बांधली, पोरींची लग्नं केली, ते टेम्पोत घालून वजनावर विकले जात होते. घरामागच्या शेडमध्ये आमचेही माग होते, टॉवेलचे. ते टॉवेल उचलणारा व्यापारीही ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणायला लागला. वहिनींच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट होती. आपले माग भंगारात जाऊ द्यायचे नाहीत.

मी वेबसाइट बनवायची कामं घ्यायची. एके दिवशी वहिनी म्हणाल्या, ‘‘वन्सं, तुमच्या त्या इंटरनेटवर टॉवेल खपतील काय ओ?’’ मी साइट करून दिली आणि सर्चवर जाहिरातही लावली. कुणी ‘टॉवेल’ असा शब्द टाकून शोधलं की आपली जाहिरात दिसते. नुसतं दिसण्याचे पैसे नाहीत, कुणी तिच्यावर क्लिक केलं तरच लागतात. पण त्यात एक मेख असते. कंपनी प्रत्येक शब्दाला दहापैकी गुण देते, त्याला क्वालिटी स्कोअर म्हणतात. जाहिरात बघणाऱ्यांपैकी किती जण क्लिक करतात, त्यांनी मागितलं तेच जाहिरातीत आहे का, आणि उघडणाऱ्या पानावरही तेच आहे का, हे त्यात बघतात. गुण कमी पडले की जाहिरात खाली घसरते आणि वर प्रत्येक क्लिक महाग पडतो. आम्हाला मिळाले तीन!

चुका आमच्याच होत्या. टॉवेल, चादर, पंचा, रुमाल, जे सुचलं ते सगळं एकाच जाहिरातीत कोंबलेलं. आणि क्लिक केलं की पहिल्यांदा काय दिसायचं? हार घातलेला आमच्या आप्पांचा फोटो, खाली घराण्याचा सगळा इतिहास! टॉवेल शोधत आलेल्या माणसानं आधी आमच्या वडिलांच्या पाया पडायचं आणि मग खरेदी करायची. मी फोटो काढते म्हटल्यावर वहिनी अडून बसल्या. ‘‘मामंजींनी हे माग घातले. त्यांना कसं हलवायचं?’’ मी म्हटलं, ‘‘अहो, ते माझे वडील! मी सांगते ना, पोटमाळ्यावर नाही टाकत, आतल्या पानावर नेते.’’ शेवटी उदबत्ती लावून झाल्यावर परवानगी मिळाली. मग मी प्रत्येक मालाची वेगळी जाहिरात केली, प्रत्येकीला वेगळं पान दिलं, नको ते शब्द काढून टाकले. आता गुण चढतील म्हणून वाट बघत बसलो.

चढेनात. रोज वहिनींचा फोन, ‘‘वन्सं, आपण आणखी खाली गेलो ओ...’’ मला माझ्याच कामाची शंका यायला लागली. तेवढ्यात कळलं, अण्णानं भंगारवाल्याला माग बघायला बोलावलंय. मी तशीच कबनूरला गेले.

वहिनी कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. शब्द टाकायच्या, पानं उलटत खाली जायच्या, आपली जाहिरात दिसली की उसासा टाकायच्या आणि परत पहिल्यापासून सुरू. इतक्यात फोन वाजला. वहिनींच्या मुरगूडच्या मावशी, त्यांच्या घरचाच नेट कॅफे. इकडं ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं त्या बोलत होत्या, ‘‘दिसली गं बाई! तिसऱ्या पानावर हाय!’’ वहिनी घाईघाईनं म्हणाल्या, ‘‘दाबलं न्हाई न्हवं?’’ ‘‘छ्या! दाबीन कशी?’’

मी विचारलं, ‘‘वहिनी, असं कोण कोण बघतं?’’

‘‘सगळेच की. निपाणीचे, इचलकरंजीचे, सगळ्यांना सांगून ठेवलंय, येळ मिळंल तसं बघा म्हणून. पण दाबत कोण न्हाय हं, देवाशप्पत! आपल्याच माणसाचं पैसं कोण घालवंल?’’

मी कपाळावर हात मारून घेतला. आमची जाहिरात ती केवढीशी, बाहेरचे बघणारे मोजके. त्यात हे सगळे पै-पाहुणे दिवसभर बघणार आणि क्लिक न करता निघून जाणार! ‘‘अहो, त्या यंत्राला काय कळतंय, ही मावशी आहे म्हणून? त्याला वाटतं, लोक हे टॉवेल बघतात आणि तोंड फिरवतात.’’

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. ‘‘म्हंजे... माझ्या बघण्यानंच आपण खाली गेलो?’’

मी कॉम्प्युटर बंद केला. नुसतंच म्हटलं, ‘‘वहिनी, बघू नका!’’

‘‘मग करू काय, वन्सं? काळजी तर हाय... आन् बघायचं बी न्हाय?’’

तेव्हा मी चिडले होते. आज ते वाक्य पाठ सोडत नाही.

त्याच दुपारी त्यांनी गावोगाव फोन करून सगळ्यांचं बघणं बंद केलं. भंगारवाला आला, माग मोजून भाव सांगून गेला. अण्णानं त्याला ‘थोडं थांबा’ म्हणून सांगितलं. ते दिवस वहिनींनी कसे काढले, त्यांनाच माहीत. कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवली होती. गुणांचा आकडा मी जाहिरातीच्या खात्यात बघून कळवायची. तिनाचे पाच झाले, पाचाचे सात झाले. पुण्याहून ऑर्डर आली, मग गोव्यातल्या एका हॉटेलची. भंगारवाला परत आला तेव्हा वहिनींनी त्याला स्वतः चहा करून दिला आणि वाटेला लावलं.

माग वाचले. वहिनींना मात्र काळजीपासून वाचवता आलं नाही. सगळ्या घराकडं डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या बाईनं स्वतःच्या छातीकडं तेवढं बघितलं नाही. डॉक्टर काहीही म्हणोत, मी तर म्हणते काळजीनंच खाल्लं त्यांना.

त्या दिवशी वहिनींना न्यायच्या वेळी भावकीतले एक म्हातारे शेडकडं बघत म्हणाले, ‘‘माग थांबवा रे, मयत हाय घरात.’’ कामगार बटणाकडं निघाला. अण्णा आयुष्यात कुणा मोठ्या माणसाच्या शब्दाबाहेर गेलेला नाही. तो उठला आणि म्हणाला, ‘‘न्हाय. ती घरातनं जाईपत्तर एक बी माग थांबवायचा न्हाय.’’ कामगार मागं फिरला. त्या खडखडाटातच आम्ही त्यांना बाहेर आणलं. शेजारच्या बाईचं रडणंही ऐकू येत नव्हतं.

परवा कबनूरला गेले होते. वहिनींची खोली शेडला लागून आहे, मधे एकच भिंत. त्यांच्या खुर्चीत बसले, मान मागं टेकवली, तर भिंतीचा हादरा पाठीला लागत होता.

चालू आहेत, वहिनी. सगळे चालू आहेत.